सत्तेचाळिसावी मुशी

धक्क्यावर तिला सगळे टेपताई म्हणत. तिचं खरं नाव दोनच ठिकाणी वापरात होतं: मत्स्य खात्याच्या हजेरीपटावर, आणि फार चिडल्यावर सासूबाईंच्या तोंडी. हजेरीपटावर नावापुढे ‘हंगामी’ असं लिहिलेलं होतं. तो हंगाम सव्वीस वर्षं चालू होता.

काम सांगायला सोपं. पहाटे बोटी लागल्या की इतर मासळीबरोबर मुश्या उतरत. पुस्तकात ज्याला शार्क म्हणतात त्याला धक्क्यावर मुशी म्हणतात. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये ओल्या फरशीवर त्या ओळीनं निजवल्या जात, आणि टेपताई पायात गमबूट, कमरेला रबरी ॲप्रन आणि गळ्यात शिंप्याची टेप अशी त्यांच्यामधून फिरे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप लावायची, उलटी करून नर की मादी बघायचं, जात ओळखायची, वहीत लिहायचं. लग्नाआधी ती कपडे शिवायची, टेप तेव्हाची. खात्यानं लाकडी पट्टी दिली होती, पण ती मीटरभराची. मुश्या मीटर बघून वाढत नाहीत.

बर्फाच्या ढिगांवरून पांढरी वाफ जमिनीलगत सरकत यायची आणि त्या वाफेत निजलेल्या मुश्या अजून पोहतायत असं वाटायचं. सव्वीस वर्षांत हे वाटणं काही गेलं नव्हतं. ती कुणाजवळ बोलली नाही, एवढंच.

एक रीत मात्र तिनं स्वतःची घातली होती. मोजून झालेल्या मुशीच्या शेपटीला ती पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायची. कारण मुशी मेल्यावरही एका जागी राहत नाही. हमाल ओढून नेतात, लिलाव पुकारणारा बोलीवाला ढीग फोडून दुसरा ढीग लावतो, आणि तासाभरापूर्वी मोजलेली बाई पुन्हा अनोळखी तोंड करून समोर येते. सुरुवातीला तिनं एकच मुशी तीनदा लिहिली होती आणि कार्यालयानं ‘या महिन्यात आवक वाढली’ म्हणून वरती कळवलं होतं. त्या दिवसापासून ॲप्रनच्या खिशात दोऱ्याचं रीळ आलं. कोणतीही मुशी दोनदा मोजायची नाही, हा तिचा धर्मच झाला.

“टेपताई, माझ्याही पायाला बांध की एक दोरा,” बोलीवाला ओरडायचा. “बायको विचारते, तू घरी आलास की नुसता भास होतो.”

“बांधते. पण मोजायच्या आधी मी उलटं करून बघते, चालेल का?”

शेडभर हसू पिकायचं. बोलीवाला दोन दिवस तिच्या वाटेला जायचा नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर या किनाऱ्याला येणाऱ्या सगळ्या मुश्यांची यादी होती. हातोडीसारखं डोकं असलेली. अंगाएवढं लांब शेपूट असलेली. पंखांची टोकं दौतीत बुडवल्यासारखी काळी असलेली. वाळूच्या रंगाची, तळाशी पडून राहणारी, ढकललं तरी न उठणारी, जिला सासूबाई ‘आपल्या घरातली’ म्हणत आणि मुलाकडे बघत. आणि ती ठिपक्यांची अवाढव्य, बसपेक्षा लांब. ती धक्क्यावर कधीच आली नाही. एकदा जाळ्यात अडकली तेव्हा जाळं कापून सोडली, आणि नेमकी त्या दिवशी टेपताई बोटीवर होती. पाण्याखालून ठिपके जात राहिले, जात राहिले, जणू चांदण्यांसकट आकाशच सरकतंय. लांबीच्या रकान्यात तिनं लिहिलं: ‘पुष्कळ’.

अशा सत्तेचाळीस. दुपारी जेवणानंतर डोळा लागला की त्या स्वप्नात यायच्या. आपण होऊन, रांगेनं, ढकलाढकली न करता, आणि टेपेजवळ अंग ताणून उभ्या राहायच्या, नवा फ्रॉक बेतायला आलेल्या मुलींसारख्या. सत्तेचाळिसावी सगळ्यांत मागं असायची. सगळ्यांत लहान.

ही सत्तेचाळिसावी तिची होती.

वीस वर्षांपूर्वी कोळंबीच्या टोपलीत तिला एक दीड वितीची मुशी दिसली. साईच्या रंगाच्या अंगावर गडद तपकिरी आडवे पट्टे, अगदी मोजून रंगवल्यासारखे. यादीत अशी कुणी नव्हती. ती तशीच ओल्या फडक्यात गुंडाळून कार्यालयात घेऊन गेली. तेव्हाचे मोठे साहेब महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांनी जवळची पुस्तकं चाळली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “कुठं सापडत नाही बुवा. नवी दिसतेय. लिहा टेपताई, सत्तेचाळीस. ही तुमची.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ‘पट्टेवाली’ लिहून पुढे तिचं नाव घातलं. खरं, पूर्ण नाव.

या यादीचं पुस्तक निघणार, असं तेव्हापासून चाललं होतं. एक साहेब जायचे, दुसरे यायचे, पुस्तक तिथंच. मग तीन वर्षांपूर्वी नव्या मॅडम आल्या. वयानं तिच्या लेकीएवढ्या, केस विंचरायला वेळ नसलेल्या, पण हातात घेतलं ते सोडायचं नाही अशा. त्यांनी ठरवलं, प्रत्येक मुशीला एक पान. वर चित्र, खाली माहिती, आणि तळाशी पहिली नोंद करणाऱ्याचं नाव. शिवाय कोपऱ्यात एक ठिपका. लाल म्हणजे उरल्यात कमी, जाळ्यात जिवंत सापडली तर सोडा. हिरवा म्हणजे चिक्कार आहेत, काळजी नाही.

शेहेचाळीस पानांच्या तळाशी साहेबांची नावं येणार होती, त्यातली निम्मी आता तसबिरीत होती. आणि सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाशी एक हंगामी बाई. तिनं हे घरी दोनदाच सांगितलं, पण मनात रोज सांगितलं.

त्याच वर्षी जाळी विणणाऱ्या मावशीनं तिच्या हातात काहीतरी ठेवलं. “घे, तुझ्या माहेरची पुरचुंडी. जाळ्यात गुंतली होती.”

काळपट, चामड्याच्या बटव्यासारखं मुशीचं अंडं होतं ते, कडांना केसांचे झुपके. टेपताईनं ते उन्हाकडे धरलं. आत, चहाच्या रंगाच्या उजेडात, एक बारीक जीव वळवळत होता. तिला एकदम पोटुशी असताना बाळ पहिल्यांदा हललं ती दुपार आठवली. तिनं डब्यात समुद्राचं पाणी घेतलं आणि अंडं घरी आणलं.

घरामागं कपडे धुण्याचा सिमेंटचा हौद होता. तो घासूनपुसून मुशीला मिळाला आणि कपडे बादलीत आले. नवरा बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. कामावरून येताना हातगाडीवर समुद्राच्या पाण्याचे चार कॅन आणायचा, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायचा, “बायकोला समुद्राकाठी राहायचं होतं, मला परवडलं नाही. म्हणून समुद्र थोडाथोडा घरी आणतोय.” उन्हाळ्यात तो बाटल्यांत बर्फ भरून, झाकण घट्ट लावून हौदात सोडायचा, म्हणजे पाणी गार होईल पण गोडं मिसळणार नाही. हे त्याचं त्यानंच शोधून काढलं होतं.

अडीच महिन्यांनी एका सकाळी बटवा फाटलेला होता आणि हौदाच्या तळाशी तिची सत्तेचाळिसावी पडली होती. करंगळीएवढी जाड, साईच्या अंगावर गडद पट्टे, जिवंत. मॅडम धावत आल्या आणि त्यांनी पुस्तकासाठी फोटो काढला. डाव्या बाजूच्या पंखाला जन्मतःच एक खाच होती, ती फोटोत अगदी स्पष्ट आली. “ऐट बघा हिची,” मॅडम म्हणाल्या. “सत्तेचाळिसाव्या पानावर हिचाच फोटो.”

दिवस जात राहिले. दुपारी हौदाच्या पाण्यावरचं ऊन मागच्या दारातून आत शिरायचं आणि स्वयंपाकघराच्या छतावर थरथरायचं. त्या उजेडात भाजी चिरताना टेपताईला वाटायचं, आपण तळाशी आहोत आणि समुद्र वरती आहे. भांडी, कपाट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं हळूहळू डोलतंय. सासूबाईंची खुर्ची हौदाजवळच होती. त्यांना गुडघ्यांमुळे लांब जाता येत नसे, म्हणून सगळं जग खुर्चीजवळ यावं अशी त्यांची अपेक्षा असायची. मुशी आली, ही पहिली गोष्ट जी खरंच आली. त्या तिला कोळंबीचे तुकडे घालायच्या आणि तास न् तास तिच्याशी बोलायच्या. सुनेबद्दलच.

“अगं,” अडीच वर्षांनी एका दुपारी त्या म्हणाल्या, “तुझ्या माशाचे पट्टे विटले.”

“काहीतरीच काय आई. उन्हानं तसं दिसतंय.”

“माझं आयुष्य कपडे धुण्यात गेलं, मला शिकवू नकोस. रंग कच्चा होता. विटला.”

टेपताई वाकली. रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं दिसत नाही म्हणतात. तळाशी जी पडली होती ती सत्तर सेंटिमीटरच्या पुढं गेलेली, अंगानं भरलेली मुशी होती, आणि तिच्या पाठीवर पट्ट्यांच्या जागी पट्ट्यांची आठवण तेवढी उरली होती. बाकी नुसता तपकिरी रंग. साधा, निर्विकार तपकिरी.

ती हिला ओळखत होती. सव्वीस वर्षं ओळखत होती. ही यादीतली एकतिसावी होती, तपकिरी.

त्या संध्याकाळी तिनं पलंगाखालच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. जमिनीवर बसून, टेपेचं टोक ओळीखाली सरकवत तिनं लांबीचे रकाने वाचले. पट्टेवाली: चाळीस सेंटिमीटर, बावीस, पस्तीस, अठ्ठावन्न. सत्तरच्या वर एकही नाही. तपकिरी: नव्वद, एकशे दोन, पंच्याऐंशी. सत्तरच्या आत एकही नाही. सत्तरच्या आसपास काही होत्या, त्यांच्यापुढे तिनंच ‘पुसट’ असं लिहिलं होतं आणि मनाला येईल त्या नावाखाली टाकल्या होत्या. इतक्या वर्षांत तिला पट्टेवालीची म्हातारी दिसली नव्हती आणि तपकिरीचं पोर दिसलं नव्हतं. एकीला म्हातारपण नाही, दुसरीला लहानपण नाही. काखेत कळसा आणि वहीला वळसा.

शेपटीला दोरा बांधून जिनं एक मुशी कधी दोनदा मोजली नाही, तिनं एक अख्खी जात वीस वर्षं दोनदा मोजली होती.

आठ दिवस ती गप्प राहिली. मॅडमचा फोन आला: पुस्तकाची कच्ची छपाई झालीय, शनिवारी घेऊन येते, एकदा नजर टाका. त्या रात्रीच्या स्वप्नात सत्तेचाळिसावी रांग सोडून पुढं आली. टेप लावताच ती लांब लांब होत गेली आणि तिचे पट्टे एकेक सुटून टेपताईच्या मांडीवर पडले, कापडाच्या चिंध्यांसारखे. ती त्या गोळा करत राहिली. त्यांना शिवायला मुशीच राहिली नव्हती.

शुक्रवारी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो हौदात बाटल्या सोडत होता.

“छापून येऊ दे की,” तो म्हणाला. “सव्वीस वर्षं राबलीस. एका पानावर नाव आलं तर कुणाचं काय जातंय? पुस्तक वाचून समुद्र थोडाच बदलणार आहे?”

“समुद्र नाही हो, बोलीवाला बदलेल. तपकिरीला लाल ठिपका आहे. ती जिवंत मिळाली की तो सोडायला लावेल. आणि पट्टेवालीला हिरवा. ती कोळंबीबरोबर टोपल्यांनी येते, तिला कुणी विचारणार नाही.”

“मग?”

“मग काय? आईला जपायचं आणि तिची पोरं टोपलीनं विकायची. माझ्या सहीनं.”

नवरा हातातली बाटली तशीच धरून उभा राहिला. मग म्हणाला, “मोठ्या साहेबांना तेव्हा समजायला हवं होतं.”

“त्यांनी एकदाच बघितली. मी रोज बघत होते.”

त्यानं बाटली सोडली, हात पुसले आणि तिच्याशेजारी हौदाच्या कठड्यावर टेकला. दोघं खाली बघत राहिले. मुशी आपल्याच सावलीवर पडली होती, कल्ले उघडत, मिटत, उघडत.

रात्रभर तिचं नाव तिच्याजवळ येऊन बसलं. सासूबाईंच्या तोंडचं नाव नव्हे. दुसरं, साहेबांच्या वळणदार अक्षरातलं. त्याला ती म्हणाली, थांब जरा. ते थांबलं.

शनिवारी मॅडम आल्या, काखेत पुठ्ठ्याची फाइल. चहाचा कप हातात घेऊनच त्या हौदाशी गेल्या.

“टेपताई, ही कधी आणली? एकतिसावी ना ही?”

“हो.”

“आणि आपली पट्टेवाली? गेली की काय?”

“हीच ती.”

मॅडम हसल्या. टेपताई हसली नाही, तेव्हा त्यांचंही हसू विझलं.

“पंख बघा,” टेपताई म्हणाली. “डावा.”

मॅडमनी कप कठड्यावर ठेवला, फाइल उघडली, सत्तेचाळिसावं पान काढलं आणि पाण्याजवळ धरलं. कागदावर करंगळीएवढी पट्टेवाली, डाव्या पंखाला खाच. खाली तपकिरी मुशी, डाव्या पंखाला तीच खाच, आता नखाएवढी. बराच वेळ मॅडम एकदा कागदाकडे आणि एकदा पाण्याकडे बघत राहिल्या.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “मी हिला दर मीटिंगमध्ये नवी जात म्हणून मिरवलंय.”

“मी सांगत होते, रंग कच्चा,” खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. “माझं ऐकतंय कोण?”

टेपताईनं वह्या पुढं ठेवल्या, लांबीचे रकाने दाखवले. मॅडम वाचत गेल्या. एकदा त्यांनी मान वर केली. “तुम्हाला कळतंय ना, हे पान काढलं तर तुमचं नाव जाईल? एकतिसावीवर दुसऱ्याच साहेबांचं आहे.”

“कळतंय.”

“मी वरती विचारून बघते, कुठंतरी घालता येईल का...”

“वरती विचारलं की आणखी सहा वर्षं,” टेपताई म्हणाली. “राहू दे.”

तिनं खुंटीवरच्या ॲप्रनच्या खिशातून रीळ काढलं. फाइलमधलं एकतिसावं पान घेतलं, सत्तेचाळिसावं त्याच्या मागं ठेवलं, कोपऱ्यात सुईनं भोक पाडून दोन्ही पानांना पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ मारली. दातानं दोरा तोडला.

“दोनदा मोजली गेली,” ती म्हणाली. “एकदाच धरा.”

मॅडमनी जाताना मुशीचा नवा फोटो काढून नेला. तिला सोडायला टेपताई आणि नवरा रविवारी सकाळी गेले. हातगाडीवर टब, टबवर ओलं गोणपाट. निघताना सासूबाईंनी गाडी थांबवली, गोणपाट बाजूला करायला लावलं आणि सवयीनं, प्रवासाला निघालेल्या कुणालाही म्हणतात तसं म्हणाल्या, “पोचलीस की कळव हो.”

गुडघाभर पाण्यात टेपताईनं तिला हातांवरून सोडलं. ती गेली नाही. तिच्या पावलांशी वाळूवर पडून राहिली, हौदातल्यासारखीच, जणू चार भिंती अजून आहेत आणि सासूबाई वरून बोलतायत. लाट आली, गेली. टेपताईनं सवयीनं नजरेनंच तिची लांबी घेतली. ब्याऐंशी. खिशातल्या रिळाला बोट लागलं, पण दोरा तिनं काढला नाही. मग मुशीनं एकदा अंग वळवलं आणि पाण्याचा रंग कुठं संपतो नि तिचा कुठं सुरू होतो हे कळेनासं झालं.

सोमवारी धक्क्यावर कोळंबीच्या टोपलीत पाच पट्टेवाल्या होत्या, दोन अजून जिवंत. टेपताईनं त्या दोन उचलल्या.

“ए, ए, हिरव्या ठिपक्यातल्या आहेत त्या!” बोलीवाला ओरडला. “तूच म्हणालीस, चिक्कार आहेत!”

“चुकले मी. ही एकतिसावीची पोरं आहेत.”

“सव्वीस वर्षांनी कळलं?”

“तुला लग्नाला तीस झाली, तुला बायको कुठं कळलीय?”

शेडभर हसू पिकलं, तोवर ती दोन्ही हातांत दोन मुश्या घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरत होती.

पावणेदोन महिन्यांनी पुस्तक निघालं. शेहेचाळीस मुश्या. मॅडमनी पहिली प्रत तिच्या हातात दिली आणि लगबगीनं निघून गेल्या. घरी येऊन, हात धुऊन, रिकाम्या हौदाच्या कठड्यावर बसून तिनं पानं उलटली. तिचं नाव कुठंच नव्हतं. तिनं पाठपोट दोनदा बघितलं. एकतिसाव्या पानावर दोन चित्रं होती, शेजारी शेजारी, एक तपकिरी, एक पट्ट्यांची, दोघींच्या डाव्या पंखाला खाच. दोघींना मिळून एकच ठिपका, लाल.

“वाच की मोठ्यानं,” सासूबाई म्हणाल्या. “आमची ती कुठं आहे त्यात?”

टेपताईनं वाचलं. लांबी, रंग, राहण्याची खोली. मग शेवटची ओळ: “या जातीच्या पिलांच्या अंगावर आडवे पट्टे असतात. मोठेपणी ते विटतात.”

“काय असतात?”

“विटतात.”

सासूबाईंनी खुर्चीत मान मागं टेकली, डोळे मिटले. छतावर आता थरथरणारा उजेड नव्हता, तरी त्यांच्या चेहऱ्यावर तो कुठून तरी आल्यासारखा दिसला.

“हा माझा शब्द,” त्या म्हणाल्या. “पुन्हा वाच.”

टेपताईनं पुन्हा वाचलं.